विंचू महाडला उतरतो

आई, तुझ्यावर मी अजून चिडलेली आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मी निवृत्त होऊनही बरीच झाली, तरी मनातल्या मनात भांडण सुरू केलं की दर वेळी तूच जिंकतेस, आणि तेही तोंडातून शब्द न काढता. म्हणून या वेळी लिहून भांडते आहे. आता तरी तुला मध्येच उठून "भात बघते" म्हणत चुलीकडे जाता येणार नाही.

पोलादपुरातलं आपलं घर मुळात विंचवांचं होतं, आपण त्यांचे भाडेकरू. कौलांत विंचू, पेंढ्यात विंचू, सरपणात विंचू, एकदा तर माझ्या इंग्रजी शब्दकोशाखाली विंचू. वडिलांच्या हट्टामुळे मी मुंबईला मावशीकडे राहून कॉन्व्हेंटात शिकले आणि शिक्षिका होऊन परत आले, ती थेट या प्राणिसंग्रहालयात. चप्पल तीनदा आपटल्याशिवाय मी पाय घालत नसे. तू मात्र चुलीच्या चिमट्यात विंचू धरून उजेडात न्यायचीस आणि म्हणायचीस, "काळा हाय गो. गरीब हाय." गरीब! आणि त्याच चिमट्याने पापड भाजायचीस. छोटा जहरी तांबडा निघाला तर मात्र तिथेच ठेचायचीस.

आजोबांना मुलगा नव्हता म्हणून विंचू उतरवायचा मंत्र तुझ्याकडे आला होता. पार नाते गावची माणसं महाडचा सरकारी दवाखाना ओलांडून, वर पोलादपूरपर्यंत यायची आणि आपल्या पडवीत बसायची. तुझे नियमही काय एकेक! पैसा घ्यायचा नाही, पाणी द्यायचं नाही, उपकार झाले म्हणायचं नाही. बरं वाटलेला माणूस चोरासारखा मागे न बघता निघून जाणार. मी नवीन होते. एका बापड्याला मी कपभर चहा दिला, तर तू अंगणभर ओरडलीस, "बाटवलास गो माझा मंत्र!" पुढच्या ग्रहणात तू सावित्री नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तो शुद्ध करून घेतलास, आणि मी काठावर टॉवेल धरून उभी. अर्धं गाव माझ्याकडे आरोपीसारखं पाहत होतं. "माझ्या बापाचा नियम हाय, त्यात बदल व्हायचा नाय," असं तू मला वाटेत दोनदा ऐकवलंस. हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं आहे.

मग त्या वर्षीची भातकापणी. डोंगराकडच्या वाडीतला एक शेतकरी भर दुपारी बायकोला घेऊन आला. भारा बांधताना तिच्या बोटाला तांबडा विंचू चावला होता. तू निरगुडीचा टहाळा घेऊन तिच्या समोर बसलीस. मी वह्या तपासते आहे आणि कान तुमच्याकडे.

"कुठवर आलाय?"

"खांद्यापातुर."

टहाळा खाली फिरतो. "आता?"

"कोपरावर आला."

"आता?"

"बोटात हाय. गेला. गेला वो आई!"

ती उठली आणि नियमाप्रमाणे निघून गेली. दिवेलागणीला नवरा पुन्हा दारात. "आई, दुखत काय नाय, पन ती गार पडलीय. घामानं लुगडं भिजलं, दम लागलाय." मी हायवेवर जाऊन कौलांचा ट्रक अडवला आणि तिला त्यात घालून आपण सगळे निघालो. महाडला डॉक्टरांनी तिला तपासलं आणि आपल्यावर तोफ डागली. "दुपारी चावला आणि आत्ता आणता? दुखायचं थांबलं म्हणजे विष गेलं असं कोणी सांगितलं? ते आत काळजावर चालूच असतं. पहिले दोन तास कुठे घालवलेत?" नवऱ्याने तुझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं, आणि माझ्या पाहण्यात दया नव्हती. ती बाई चार दिवसांनी वाचली. ते चार दिवस तू दवाखान्याच्या ओट्यावर बसून होतीस. मी आणलेला डबा तू उघडलाही नाहीस.

मग मी मोहीम काढली. फळ्यावर हातभर विंचू काढला, वाड्यावाड्यांत भाषणं दिली. माणसं मान डोलवायची. एकजण तर फार आदराने म्हणाला, "बाई, तुमचं बराबर हाय. पन आधी आईला दाखवतो, मंग तुमच्या डाक्तरला." माझा घसा बसला आणि तुझी पडवी भरलेलीच.

आणि एके सकाळी तू पडवीत जाहीर केलंस की देवी स्वप्नात आली होती. यापुढे मंत्र घरात लागायचा नाही. इचू आता महाडच्या दवाखान्याच्या पायरीवर उतरणार, आणि उरलेला सुईनं.

मी थक्क. कोणी एकानेही शंका काढली नाही! चावलेला माणूस आला की तू टहाळा घेऊन त्याच्यासकट मिळेल त्या गाडीत चढायचीस. एसटीत सगळ्या प्रवाशांच्या देखत "कुठवर आलाय?" सुरू. कंडक्टर म्हणायचा, "मावशी, नडगाव आलंय." पायरीवर पोचलं की तू टहाळा झटकायचीस आणि पेशंट डॉक्टरांच्या अंगावर ढकलायचीस.

मी घरी तुला धारेवर धरलं. "देवीच्या नावावर खोटं? आणि आजोबांचा नियम? देवी खोटं बोलते का?"

"देवी कशाला बोलंल खोटं? मी बोलले."

"पाप लागेल."

"लागंल. माझं मला. तुझं भाषान झालं काय? मंग भाकऱ्या थाप."

दोन-चार वर्षांत माणसांना महाडचा रस्ता पाठ झाला. ती परस्पर जाऊ लागली. पडवी रिकामी पडली आणि तू तिथे मिरच्या वाळत घातल्यास. असं होणार हे तुला ठाऊक होतं का, हे मी कधी विचारलं नाही. एवढ्या माणसांत तुझी जी पत होती ती तू आपल्या हातांनी महाडला नेऊन सोडलीस, आणि मला त्यात फक्त खोटेपणा दिसला. आजही दिसतो. खोटं ते खोटंच. पण ती वाडीवरची बाई पुढे आजी झाली, हेही मला दिसतं, आणि माझी पंचाईत होते.

आता एक सांगून टाकते. निवृत्तीच्या वेळी शाळेने माझा सत्कार केला. पाहुणे म्हणाले, बाईंच्या प्रबोधनामुळे या भागात विंचवाने माणसं मरायची थांबली. खूप टाळ्या झाल्या. मी खाली मान घालून विनयाने हसले. खाली बसल्यावर त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या घरी आधी कोणी या कामात होतं का?"

मी म्हटलं, "नाही."