साइमीची होडी चौकटीबाहेर काढण्याची खटपट

कोइवुला,
९ ऑक्टोबर

ती. सिल्वीताईस,

तुझा धाकटा भाऊ ओइवा याचा नमस्कार. (वाकून केला असता, पण आठवडाभर बटाटे काढायला ओणवं राहून कंबर अशी धरली आहे की एकदा वाकलो तर बाकीचं पत्र तिथूनच लिहावं लागेल.) तुझ्या नव्या गुडघ्याची तब्येत कशी आहे? जुन्यापेक्षा शहाणा निघाला का? डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच चालतेस, की शेजारणींना दाखवायला मुद्दाम जिने चढतेस? इकडे सर्व क्षेम. बटाटे काढून झाले, सौनाचं धुराडं साफ केलं, आणि मी कलावंत झालो.

हसू नकोस, सविस्तर सांगतो. दाजींच्या माघारी तू मला त्यांचा कॅमेरा दिलास, तो चार वर्षं कपाटात स्वेटरांखाली झोपला होता. यंदा आपल्या वाचनालयानं रुस्कातल्या तळ्याच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं, बक्षिसासकट. रुस्का म्हणजे पानं रंगायचे कसेबसे दहा दिवस. तेवढ्यात बर्च पिवळे, ॲस्पन लाल, आणि एक जोराचा वारा आला की सगळा खेळ खलास. म्हणून वाचनालयाच्या केर्टूबाईंनी आधी आमची शिकवणी घेतली. तळ्याची कड चौकटीच्या मधोमध आणायची नाही, ती थोडी वर ठेवा नाहीतर थोडी खाली. आकाश रिकामं असेल तर कमी घ्या. आणि काय घ्यायचं यापेक्षा काय गाळायचं ते आधी ठरवा. हे शेवटचं मला जड गेलं. चौतीस वर्षं मी बस चालवली. कुणी लांबून धावत येताना दिसलं की ब्रेकवर पाय. माणूस गाळायची सवयच नाही. (तरी बस वेळेवर पोचायची. एकदा नव्हती पोचली, त्याला कारण एक रेनडिअर होतं.)

पहिले तीन दिवस पाऊस. चौथ्या दिवशी सकाळी उठलो तर बाहेर गवतावर हिव पडलेलं, पाण्यावरून धुकं उठतंय, पलीकडचं बेट आणि त्यावरचे पिवळेजर्द बर्च पाण्यात जसेच्या तसे उलटे. ताई, मी कॉफीसुद्धा न घेता धावलो. कॅमेऱ्याची तिपाई रोवली, कड वरच्या तिसऱ्या भागात आणली, श्वास रोखला आणि चौकटीत होडी शिरली. होडीत साइमी. तुझ्या वर्गातली, बोटीचं इंजिन दुरुस्त करायचा त्या आर्मासची बायको; तो जाऊन सहा वर्षं झाली. भडक नारिंगी रबरी कपडे घालून मुइक्कू माशांचं जाळं उचलायला निघाली होती. मी ओरडलो, “साइमी, जरा डावीकडे घे!” तिनं घेतली. पण वल्हवणाऱ्याचं तोंड काठाकडे. तिचं डावं ते माझं उजवं. होडी बरोब्बर मधोमध.

“अगं, माझ्या डावीकडे!”

“मग तसं सांग ना! तुझं डावं मला काय ठाऊक?”

“तू तळं अडवून बसलीयेस!”

“तळं काय तुझ्या आजोबांनी खणलं होतं? मासे काढतेय मी. तू काय काढतोयस?”

“फोटो!”

“मग काढ की! मी काय डोळे मिटून बसलेय?” आणि अशी खदखदून हसली की होडी हलली, पाणी हललं, आणि पाण्यातलं माझं बेट फुटून चार दिशांना गेलं.

चाळीस फोटो काढले, चाळिसांत साइमी. घरी येऊन कापाकापीला बसलो. डावीकडून कापलं तर होडी गेली, पण बेटही गेलं. खालून कापलं तर पाणी गेलं आणि साइमीचं डोकं काठावर ठेवलेल्या भोपळ्यासारखं राहिलं. वरून, खालून, उजवीकडून करत करत शेवटी जे उरलं ते कमरेच्या पट्ट्यासारखं लांब आणि पट्ट्याएवढंच रुंद. ते घेऊन केर्टूबाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा चढवला, उतरवला, आणि विचारलं, “ओइवा, हा देखावा आहे की दाराखालची फट?” मग मूळ फोटो बघितला आणि म्हणाल्या, “तुम्ही चुकीची बाजू कापताय. ही बाई ठेवा. बाकीचं जाऊ द्या.”

मी तसंच केलं. ताई, कापता कापता माझाच हात थांबला. वल्ही मांडीवर टेकलेली, हातात निथळतं जाळं, केसांत बर्चची तीन पानं अडकलेली, आणि ते हसणं. समोरच्या काठावरून ही बाई मला तीस वर्षं हात करते आहे, मीही करतो, आणि इतक्या वर्षांत मी तिच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. त्या दुपारी मी जेवायला विसरलो. (तुला माहीत आहे, हे यापूर्वी एकदाच झालं होतं, तेव्हा मला गालगुंड झालं होतं.)

प्रदर्शनात फोटो लागला. परीक्षकांनी मला पहिल्या फेरीतच बाद केलं, कारण तळ्याच्या प्रदर्शनात तळं दोन बोटं. बक्षीस नेहमीप्रमाणे औषधवाल्या राइनेंच्या हंसांना. पण गर्दी माझ्या फोटोसमोर. तेवढ्यात साइमी आली. सगळे बाजूला झाले. ती हाताची घडी घालून बराच वेळ बघत राहिली.

“ओइवा, माझ्या नाकावर थेंब आहे.”

“आहे.”

“तो नाही का कापता आला?”

“कापला असता तर नाक गेलं असतं.”

ती इतक्या मोठ्यानं हसली की वाचणाऱ्यांनी माना वर केल्या आणि केर्टूबाई शांत राहा म्हणायचं विसरल्या. मग म्हणाली, “चल, कॉफी पाज. फुकट उभी राहिले नव्हते मी.” त्यानंतर अकरा दिवस रोज कॉफी चालू आहे, कधी माझ्याकडे, कधी तिच्याकडे. ती धुरावलेले मुइक्कू आणते, मी वेलदोड्याचे बन भाजतो. (खालून करपतात, ती खालचा भाग कापून खाते आणि क्रॉप केला म्हणते.)

गुडघ्याला जप. जिने चढू नकोस.

तुझा,
ओइवा

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण आता सांगतो. मला साइमीला लग्नाचं विचारायचं आहे आणि तीनदा तोंड उघडून तीनदा हवामानावर बोललो. चौसष्टाव्या वर्षी माणसानं याची सुरुवात कुठून करायची? तू तिच्या बाकावर बसायचीस. तर तू तिला फोन कर, गुडघ्याबद्दल बोल, आणि ओघात विचारून टाक. नाही म्हणाली तर मला हळूहळू सांग.

ता. क. दोन : वरची विनंती रद्द. मी पोस्टाचं तिकीट शोधायला आत गेलो, पत्र टेबलावर उघडं, आणि साइमी मासे घेऊन आली. सगळं वाचलं. म्हणते, शुद्धलेखनाच्या नऊ चुका आहेत, आणि उत्तर ‘हो’ आहे. लग्न नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी. बसनं ये, थांब्यावर आम्ही दोघं उभे असू.