डाव्या हाताचा चमचा

महदिया, मंगळवार

प्रिय लसाद,

फोनवर तू दोन वाक्यांत मला आटपतोस, म्हणून कागद घेतला. पत्र तरी तुला मध्येच ठेवून देता येणार नाही. मोठ्या बहिणीने शेवटी काय लिहिलंय हे कळेपर्यंत तुला चैन पडायचं नाही, एवढं मी तुला ओळखते.

बाबांना जाऊन आज सव्वीस दिवस झाले. गच्चीवरची त्यांची खोली आवरायला घेतली आहे. बहिजा आत्या रोज येते, भावाच्या नावाने रडते, आणि जाताना बाबांनी रंगवलेली एखादी काच ‘आठवण’ म्हणून बगलेत मारून नेते. दोन मोर आणि एक गलबत आत्तापर्यंत असंच गेलं. तुझे भावोजी तर तिच्याही वरचढ निघाले. रिधा बिचारा मदत करायला आला आणि काचेवरची धूळ पुसायची म्हणून त्याने ओलं फडकं नेमकं मागच्या बाजूने फिरवलं. वरातीतला घोडा गेला, नवरदेव अधांतरी राहिला! मी ओरडले तर म्हणतो कसा, “अगं, चित्र काचेवर असतं की काचेमागे, हे लग्नाआधी सांगायचं होतंस.” त्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता रडले.

मग त्याला बसवून सगळं समजावलं. तुला नवं नाही, पण सांगताना मला आपलं लहानपण दिसत होतं. काचेच्या पाठीवर सगळं उलट्या क्रमाने काढायचं. जे पुढे दिसायला हवं ते आधी. “आधी मिशी, मग तोंड!” असं बाबा तुझ्या डोक्यात टपली मारून शिकवायचे. माणसं, कपडे, भांडी झाली की सगळ्यात शेवटी पाठीवर एकसलग निळा रंग. ते काम माझं. तुम्ही दोघं कलाकार आणि मी रंगारीण. तो निळा एकदा भरला की चित्रात कुणाला शिरता येत नाही, आणि भरलाच नाही तर उघडे रंग पोपडे होऊन गळतात.

तुझ्या डाव्या हाताचं बाबांना केवढं कौतुक होतं! काचेवर अक्षरं उलटी लिहावी लागतात, ती तू डाव्या हाताने सरसर लिहायचास. पण तोच हात जेवायला पुढे केलास की लगेच गर्जना, “उजवा! उजव्या हाताने खा, चारचौघांत लाज आणतोस!” आई मध्ये पडायची, तिलाही ओरडा बसायचा. खरं सांगू का, तू घर सोडलंस ते त्या भांडणात काय बोलणं झालं म्हणून नव्हे, इतक्या वर्षांच्या त्या ‘उजवा, उजवा’मुळे, असं मला नेहमी वाटतं. “तू गेलास म्हणून आमचं ताट अडत नाही, तुझी जागा दुसरा कुणी भरेल,” असं बाबा त्या दिवशी म्हणाले, हे मीही ऐकलं होतं. म्हणून मयताच्या दिवशी तू फोनवर विचारलंस, “तिथे माझी जागा कुठेय, मनू?”

आता मुख्य गोष्ट. कपाटामागे जुन्या चादरीत बांधलेल्या अकरा काचा सापडल्या, सगळ्या मागचा रंग न भरलेल्या. राजधानीतला एक दुकानदार येऊन बघून गेला. म्हणाला, “म्हातारबांचा हात शेवटी थकला वाटतं. मागचा रंग भरून द्या, म्हणजे सगळ्या नेतो.” मलाही तसंच वाटलं. परवा दुपारी मी निळा कालवला, पहिली काच पालथी घेतली आणि एक कोपरा भरलासुद्धा. तेवढ्यात रिधाने दुसरी काच उचलून खिडकीशी धरली आणि म्हणाला, “हे बघ, हा चमचा चुकलाय.”

मी पाठीकडून बघत होते, त्यामुळे मला सगळं उलटं दिसत होतं. काच सुलटी केली. ईदचं जेवण. बुटक्या मेजाभोवती बाबा, आई, मी, मेजाखाली मांजर, मध्ये कुसकुसाचं मोठं ताट. आई आणि माझ्यामध्ये एका माणसापुरती कोरी काच. आणि तिथे बसणाऱ्याच्या डाव्या हाताला एक चमचा. मी अकराही काचा भिंतीला लावून ठेवल्या. तू गेल्यापासूनची दर वर्षीची ईद, कोपऱ्यात साल. पाचव्या वर्षी आई गेली, तरी पुढच्या प्रत्येक काचेत ती आपल्या जागी बसली आहे. माझे केस पिकलेत, तेही म्हाताऱ्याने सोडलेले नाहीत. कोरी जागा फक्त तुझी, आणि चमचा अकराही वेळा डावीकडे. तो मेजाच्या काठावर, चादरीवर, ताटाच्या कडेवर, या सगळ्यांच्या पुढे दिसतो. त्याचा अर्थ तुला मी सांगायला नको. दर वर्षी कोरी काच घेतली की बाबा सगळ्यांत आधी तुझा चमचा काढत होते.

दुकानदाराला मी नाही म्हणून कळवलं आहे. पण रंग आत्ताच सुटायला लागलेत, आईच्या ओढणीचा एक पोपडा काल माझ्या बोटाला लागून आला. बाबांच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण चौदा दिवसांनी आहे. त्याआधी ये, लसाद. गच्चीवर बस आणि अकराही ठिकाणी स्वतःला काढ, डाव्या हाताने, आधी मिशी आणि मग तोंड. तुझं झालं की मला हाक मार, मागचा निळा मी भरीन. तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, आणि ते द्यायलाच हे पत्र लिहिलं. पहिल्या काचेत मात्र कोपऱ्याचा रंग माझ्या हातून तुझ्या जागेत थोडा गेलाय, तिथे जरा अंग चोरून बस.

वाट बघणारी, तुझीच,
मनूबिया