चुलीवरचा तिसरा खण

नंदुरबार, रविवार, ९ फेब्रुवारी १९३६

काल चुकीचे लिहिले. जागेच्या सरकारी भाडेपट्ट्यात आपले घर तीन खणांचे नाही, दोनच खणांचे आहे. मी नुसत्या तुळया मोजल्या, पट्टा वाचलाच नाही. चुलीवरचा तिसरा खण आधीच्या मालकाने परवानगीशिवाय वाढवलेला. आणि विक्रीच्या कागदात तीन खण, माझ्याच अक्षरात!

आबा म्हणाले, “त्यानी बांधेल शे, आपन नही. तू गप ऱ्हाय, माय.” पण घर घेणाऱ्या गंगूमावशी त्याच खणाखाली उभ्या राहून, पायाखालची जागा दाखवत हसल्या होत्या, “मन्ही चूल आठेच मांडसू.” सरकारने तो खण पाडला तर? घरात वाचता येते ते फक्त मला. मग दोष कोणाचा?

सह्या बुधवारी आहेत. पट्टा घेऊन मी मावशींकडे जाणार, आबा रागावले तरी. मंगळवारी, ११ तारखेला.