पलंगाखालची पेटी

ता. ९ ऑगस्ट

मायना काय लिहावा हे ठरेना, म्हणून सोडून दिला आहे. तुझ्या तिन्ही पत्रांत मला ‘प्रिय ताई’ आहे. मला बहीण नाही, त्यामुळे ते वाचायची सवय नाही. तू बरी असशील. मीही बरी आहे. आईला जाऊन परवा पाच महिने झाले.

घरी विशेष काही नाही. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून घेतला. आईचे कपडे मावशी घेऊन गेली. चष्म्याच्या दुकानात हल्ली नंबर तपासायला मीच बसते, कारण मालकांचे गुडघे दुखतात.

तू लिहिलंस की दोन इयत्ता एकाच खोलीत बसतात, मुलं एकाहत्तर आहेत आणि शिकवायला तू एकटी. जानेवारीच्या वाचन चाचणीत निम्मी तरी मुलं पास झाली नाहीत तर चौथीचा वर्ग बंद करून त्यांना हमरस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवणार. मुली तेवढ्या लांब जाणारच नाहीत, घरी बसतील. म्हणून आई त्याच शाळेत तुम्हाला ज्यांवरून वाचायला शिकवायची, ती कार्डांची पेटी तुला हवी होती. मी उत्तर पाठवलं, पेटी रद्दीत गेली.

ती रद्दीत गेलेली नाही. माझ्या पलंगाखाली आहे.

आई गेली त्या दिवशी तू इतकी रडत होतीस की येणारा प्रत्येक माणूस तुलाच जवळ घेत होता. मला चारचौघांत रडता येत नाही. मी दाराशी लोकांच्या चपला बाजूला लावत होते. तुमच्या शाळेच्या शिपायाने (तू तेव्हा तिथे रुजू व्हायची होतीस) मला विचारलं, “आपण बाईंच्या कोण?” का कोण जाणे, मी म्हटलं, “शेजारी.” तो म्हणाला, “मग जरा पाणी आणता का? बाईंच्या मुलीला चक्कर येतेय.”

ते पाणी मीच तुला आणून दिलं. तुला आठवणार नाही.

मला आईने फी भरायच्या शाळेत घातलं होतं. काळे बूट, टाय, सगळं. माझा अभ्यास शिकवणीचे सर घ्यायचे आणि आई संध्याकाळी तुमच्यासाठी पुठ्ठे कापत बसायची. मी वही घेऊन गेले तर म्हणायची, “तुला सर आहेत ना राणी, त्यांना कोण आहे?” रोज सकाळी ती दोन डबे भरायची. मी तिला खादाड म्हणून चिडवायचे आणि ती हसायची. दुसरा डबा कोणाचा होता ते मला यंदा कळलं.

कारण मी पेटी उघडली. तीन रविवार लागले. चारशेच्या वर कार्डं आहेत. पुढच्या बाजूला मुलाचा पहिला शब्द, पुस्तकातला नाही, त्याच्या घरातला. गवंड्याच्या मुलाला ‘वीट’, शिंपिणीच्या मुलीला ‘सुई’. हे तुला माहीत आहे. मागच्या बाजूला ती स्वतःसाठी टिपून ठेवायची, ते बहुधा तुम्हाला कुणाला माहीत नसेल. ‘शेवटच्या बाकावर झोपतो, पहाटे दूध टाकतो.’ ‘रागावलं की अक्षरं विसरते.’ एकेका मुलाबद्दल इतकं. मी माझं कार्ड शोधत होते. नाही. एवढ्या ढिगात माझं एकही नाही. पेटी बांधून परत ढकलून दिली आणि तुला ते उत्तर लिहिलं.

गेल्या मंगळवारी दुकानात एक पंक्चरवाला मुलीला घेऊन आला. नऊ वर्षांची. फळ्यावरचं दिसत नाही म्हणते, चष्मा द्या. मी तक्ता लावला. सर्वांत वरचं, ताटलीएवढं अक्षर विचारलं, ती गप्प. भिंगं बदलली, तरी गप्प. मग लहान मुलांसाठी असतो तो चित्रांचा तक्ता लावला, तर शेवटच्या ओळीतली बारीक छत्रीसुद्धा तिने धडाधड सांगितली.

मी म्हटलं, “डोळ्याला काही नाही हो.”

“काही नाही कसं? बघा ना नीट. स्वस्तातला द्या, पण द्या.”

मुलगी खाली बघत होती. शाळा विचारली. तुझीच. चौथी.

तिने डोळ्यांचं निमित्त सांगितलं होतं, मी रद्दीचं.

त्याच संध्याकाळी पेटी बाहेर काढली. उद्या बसच्या कंडक्टरकडे देते आहे, स्टँडवर उतरवून घे. तुझ्या मुलांच्या घरातले शब्द वेगळे असतील, म्हणून चष्म्यांच्या खोक्यांचे दोनशे पुठ्ठे त्याच मापाने कापून वर ठेवले आहेत. पहिल्यावर मी ‘हवा’ लिहिलं आहे. ते त्या पंक्चरवाल्याच्या मुलीचं. मागची बाजू कोरी आहे, ती तू भर. तिला म्हणावं, चष्मा लागणार नाही.

एक कार्ड मात्र मी काढून घेतलं आहे. तुझं. तुझे वडील पाण्याचा टँकर चालवायचे म्हणून ‘टाकी’. पुढची बाजू मी नव्या पुठ्ठ्यावर उतरवून दिली आहे. अक्षर आईसारखं नाही, चालवून घे.

मूळ कार्ड काल चौथ्यांदा वाचलं. तू एकदाच आमच्या घरी अभ्यासाला आली होतीस आणि मी तुझी पेन्सिल गच्चीवरून फेकली होती. आई मला एका शब्दानेही बोलली नाही. मला वाटायचं, तिला कळलंच नाही. मागच्या बाजूला लिहिलं आहे: ‘उपाशी येते, डबा देणे. हुशार. घरी आणायची नाही. आमचीला खुपतं. आमची बोलत नाही, पण खुपतं.’

सगळ्या पेटीत माझ्याबद्दल एवढंच आहे, आणि तेही तुझ्या कार्डावर. म्हणून ते परत मागू नकोस.

शिपायाला सांग, त्या दिवशी दाराशी होती ती शेजारीण नव्हती.

बाईंची मुलगी