तुमच्या नावाची फरशी

अहो पूजाचे पप्पा,

आज मी तुमचं नाव फोडलं. पांढऱ्या संगमरवरावर कोरलेलं, सोनेरी रंग भरलेलं, 'कै. भटू' असं चांगलं ठळक. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून घण उचलून आणला आणि असे घाव घातले की तुकडे पार डंपरच्या चाकांपर्यंत उडाले. मग डंपरचे दिवे फोडले, मग काच. हातच थांबेना माझा! दुपारभर चौकीत बसवून ठेवलं होतं, आत्ता सोडलंय. गल्ली म्हणते, रेखाचं डोकं फिरलं, नवऱ्याचं नाव कुणी असं फोडतं का? आख्ख्या संसारात मी तुमचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही, आणि आज घेतलं ते असं. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे.

आपण अमळनेरहून या गुजराती शहरात आलो तेव्हा पर्वत पाटिया नाक्याच्या मागची ही खोली तुम्हीच पसंत केली होती. मी नाक मुरडलं होतं. मागे खाडी, तिच्यात डाइंग मिलचं पाणी, एक दिवस लाल तर दुसऱ्या दिवशी हिरवं! तुम्ही म्हणालात, "बाजूला एवढी मोकळी जागा शे, पाऊस झाला का पाणी तठे पसरी." आणि खरंच तसंच व्हायचं. कितीही कोसळला तरी पाणी त्या खोलगट जागेत जाऊन बसायचं, आपल्या उंबऱ्याला शिवायचं नाही. श्रावणात आपल्या कानबाई देवीचं विसर्जनही आपण तिथेच करायचो. तुम्ही डोक्यावर चौरंग घेऊन गुडघाभर पाण्यात उतरायचात आणि वर आलात की पायाला खाज सुटली म्हणून मलाच शिव्या द्यायचात.

मग तो शेठ आला. पलीकडचे टॉवर त्याचेच. गल्लीत येऊन हात जोडून म्हणाला, तुमची माताजी चिखलात का उतरते? मी भराव टाकून देतो, वर पक्का ओटा बांधून देतो, एक रुपया नको. झालं! देवीचं काम म्हटल्यावर आपली माणसं कशाचा विचार करतात? पहिला डंपर आला तर त्याला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, बोनेटवर नारळ फोडला. ज्या गाडीने आपल्याला बुडवलं तिची पूजा केली हो! आणि नारळ कुणी फोडला? तुमच्या सख्ख्या भावाने, प्रल्हादने.

तुम्ही एकटेच ओरडत होतात. "पाणीनी वाट शे ती! तिले बुजशात तर ती आपला घरमा घुसी!" घरं बांधू नका, असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. आपली खोलीसुद्धा कुणाच्या तरी उसाच्या शेतावर उभी आहे, माणसं पोटासाठी येणार, त्यांना राहायला लागणारच, हे तुम्हीच मला समजावलं होतं. तुमचं म्हणणं एवढंच होतं, की माणसांना जागा द्या तशी पाण्यालाही ठेवा. कडोदऱ्याच्या कापडाच्या लूमवरची पाळी बुडवून तुम्ही महापालिकेत गेलात. साहेबाने नकाशा उघडून दाखवला, ही जागा पाण्यासाठीच राखलेली आहे, काका, काळजी नको. तुम्ही किती खुश होऊन आलात! जिलेबी आणली होतीत. दुसऱ्या दिवशी डंपर दुप्पट आले.

तुम्ही डंपरपुढे आडवे झालात तेव्हा शेठची माणसं हललीसुद्धा नाहीत. त्यांना कशाला हलायचं? आपलीच माणसं धावली. देवीच्या कामात आडवा येतो म्हणून लाथा घातल्या, शर्ट फाडला, ओठ फोडला. प्रल्हादने तुमचे दोन्ही हात मागे धरले होते. मी मध्ये पडले तर मला ढकललं. आणि त्याच आठवड्यात कानबाईचे रोट! भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही, म्हणून ज्याने हात धरले त्याला पंगतीत बसवावं लागलं. तुम्ही त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने तूप वाढलंत. मला तेव्हा तुमचा असा राग आला होता! इतकं चांगलं असतं का माणसाने?

ओटा झाला. ओट्याभोवती शेठची भिंत झाली. आणि पुढच्या वर्षीचा पाऊस आला.

खाडीपूर काय असतं ते त्या दिवशी कळलं. पाणी पसरायला जागा शोधत होतं, भिंतीवर आपटत होतं आणि मागे फिरून आपल्या गल्लीत घुसत होतं. रंगाचं, तेलाचं, संडासाचं पाणी. प्रल्हादचं घर सगळ्यात खाली. त्याची पोरं पत्र्यावर चढून किंचाळत होती. तुम्ही पहार उचललीत. मी म्हटलं, थांबा, चार जणांना बोलवा. तुम्ही ऐकलंत का? कधी ऐकलंत माझं? छातीभर पाण्यात उभं राहून घातलेत घाव त्या भिंतीला. भोक पडलं, पाणी त्यातून सुटलं आणि मग आख्खी भिंतच तुमच्यावर आली.

गल्ली वाचली. पत्र्यावरची पोरं वाचली. तुम्हाला विटांखालून काढलं तेव्हा तोंड ओळखू येत नव्हतं, मी पायाच्या अंगठ्यावरून ओळखलं. का हो एकटे गेलात? ज्यांनी तुम्हाला तुडवलं त्यांच्यासाठी? मला सांगा ना, मी काय केलं होतं तुमचं?

शेठने भिंत परत बांधली. आता त्याला उरलेला तुकडाही हवाय, खाडीच्या वळणावरचा. आज सकाळी डंपरच्या मागोमाग आलेल्या टेम्पोतून प्रल्हाद उतरला, मागून ती फरशी उतरवली. हसत हसत म्हणतो कसा, "वहिनी, नवा मोठा ओटा होणार, त्याला भाऊचं नाव द्यायचं ठरलंय. शेठने स्वतःच्या खर्चाने कोरून घेतलं." शेठचा माणूस बाजूला उभा. तो म्हणाला, "भाभी, शहेर तो वधवानुं ज छे." म्हणजे शहर वाढणारच. वाढू दे ना! पण ज्या भरावाने माझा माणूस खाल्ला, त्यावर माझ्याच माणसाचं नाव? पुढे कुणी बोट दाखवलं तर हे म्हणणार, अहो, ज्याचा विरोध होता त्याच्याच नावाने तर केलंय!

माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

चौकीतून आले तर प्रल्हाद आपल्या दाराशी बसलेला. मी त्याच्या कानफटात ठेवून दिली. त्याने माझा हात धरला नाही, अडवलं नाही. नुसता म्हणाला, "वहिनी, आजून मारा." मी म्हटलं, तुला मारून माझा हात दुखतो, मेल्या. मग तो रडायला लागला. भाऊने माझी पोरं वाचवली आणि मी त्याचेच हात धरले होते, असं म्हणत राहिला. मी चहा विचारला नाही. पूजाने विचारला, तर तिच्यावर खेकसले.

पोलिसांनी बजावलंय, पुन्हा तिकडे दिसलीस तर आत टाकू. उद्या सकाळी दुसरा डंपर येणार आहे.

तर माझा शब्द घ्या. तुमचं नाव मी कुठल्याही ओट्यावर लागू देणार नाही, जितक्यांदा कोरतील तितक्यांदा फोडीन. यंदा कानबाईचं विसर्जन घरच्या घरी पिंपात करीन, ती रागावली तर तिच्याशी मी बोलून घेईन. आणि उद्या मी त्या वळणावर जाऊन बसणार आहे, काय व्हायचं ते होवो. प्रल्हाद मघाशी जाताना म्हणाला, "वहिनी, मी येऊ का?" मी दार लावून घेतलं. पण आला तर त्याला शेजारी बसायला जागा देईन. माफी नाही देणार. तुम्ही तूप वाढलं होतंत, माझ्याच्याने तेवढं होणार नाही. जागा देईन.

तुमची,
रेखा