खोटं वाटतंय, काका

६ फेब्रुवारी

"खोटं वाटतंय, काका."

आज चौथ्यांदा! सगळ्यांदेखत. बाईसाहेब खुर्चीवरून उठल्यासुद्धा नाहीत. पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाल्या — "पुन्हा. पिशवी घेण्यापासून."

बाईसाहेब म्हणजे आमची दिग्दर्शिका. वय चौतीस. दहा वर्षांची असताना माझ्या सुट्टीतल्या शिबिरात आली होती, तेव्हा मी तिला झाडाचं काम दिलं होतं. आता ती मला माणसाचं काम शिकवते. घ्या!

प्रवेश एवढासाच आहे. मी शिंपी. बायको दवाखान्यात वारलेली. काउंटरवरची बाई तिच्या सामानाची पिशवी काढते, एकेक वस्तू वाचून दाखवते. मी बघून घ्यायचं, सही करायची, निघायचं. मला वाक्यं तीन. "हो." "तिचंच आहे." "सही कुठे?"

मी काय केलं? आवाज कापरा केला. ओठ थरथरवले. पिशवी छातीशी धरली. एकतीस वर्षं लोकांना हसवलं, रडवायला काय अक्कल लागते, म्हटलं!

लागते.

७ फेब्रुवारी

माझी ही जाऊन सत्तावीस दिवस.

वाक्यं पाठ करताना समोरच्याची वाक्यं नेहमी हीच वाचायची. राजा असो, चोर असो, एकाच सुरात — बसचं वेळापत्रक वाचल्यासारखी. मी वैतागायचो. "अगं, जरा भाव आण ना!" "भाव तू आण, मला भाजी चिरायचीय."

आज भिंतीसमोर वाक्यं म्हटली. भिंत हिच्यापेक्षा बरे हावभाव करते.

९ फेब्रुवारी

कँटीनमध्ये बाईसाहेब शेजारी येऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, "काका, बोलू का नको कळत नाही. पण तुम्ही तर हे सगळं नुकतंच पाहिलंय. ती पिशवी तुम्ही घेतली असेल ना हातात... तिथूनच घ्या की."

मी "हं" म्हणालो. चहा संपवला.

दुपारी केलं तसं. हिचा शेवटचा दिवस डोळ्यांपुढे आणला. श्वास कसा अडकत होता ते. घळाघळा पाणी आलं डोळ्यांतून! नाटकी नाही, खरं. काउंटरवरच्या बाईचं काम करणारी पोरगी वाक्यच विसरली. दिवेवाला खिडकीकडे बघायला लागला.

बाईसाहेब म्हणाल्या — "तुम्हाला रडू आलं, काका. मला नाही आलं."

तळपायाची आग मस्तकात गेली. माझी बायको मेलीय आणि बाईसाहेबांना रडू आलं नाही! तसं बोललोही. ती माझ्याजवळ आली, हात धरला. "म्हणूनच. मला तुम्हीच दिसत होता. शिंपी कुठे होता?"

चिडून घरी आलो. अजून चिडलेलोच आहे. तिचं बरोबर आहे म्हणून जास्त.

१० फेब्रुवारी

मुलीला फोन केला. "बरा आहेस?" "बरा आहे." "जेवतोस ना?" "जेवतो." "ठेवते."

बावीस सेकंद. फोनच दाखवतो.

कारण मला माहीत आहे. माझं रडणं. वीस वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मी आरशासमोर रडत होतो — उचकी लागल्यासारखं, मध्येच नाकातून शिट्टी. दुःखातसुद्धा मेल्या नटाचं लक्ष आरशाकडे! पुढच्याच नाटकात ते रडणं वापरलं. हशा! मग प्रत्येक नाटकात तेच. लोक तिकीट काढताना विचारायचे, "ह्यात ते रडतात ना?"

हिच्या अंत्यविधीला मला रडू फुटलं, ते तसंच फुटलं. माझं दुसरं रडणं नाहीच! मागच्या ओळीतलं कुणीतरी फिसकन हसलं. हसणाऱ्याचाही दोष नाही, वीस वर्षांची सवय.

मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, इथे तरी नाटक नको."

१४ फेब्रुवारी

आमच्या रस्त्याच्या टोकाला शिंपी आहे. अरुंद दुकान, दोन यंत्रं, खाली चिंध्यांचा ढीग. त्याला म्हटलं, मला शिंप्याचं काम आहे नाटकात, बसू द्या जरा.

"बसा. पण विनोद सांगू नका, हात हलतो."

तीन तास बसलो. एक बाई आली, काहीतरी सांगत होती — नवरा, बदली, घर बदलायचं. शिंपी मान डोलावत होता आणि नजर तिच्या बाहीवर. ती थांबल्यावर म्हणाला, "ताई, शिवण उसवलीय, काढून द्या." तिचं ऐकलं नव्हतं असं नाही. सगळं ऐकलं होतं. पण हाताला बाही दिसली की मन काय करणार?

मी सुईत दोरा ओवून पाहिला. नऊ वेळा. तो हसला. "तुम्ही दोऱ्याकडे बघता. भोकाकडे बघा."

१५ फेब्रुवारी

पुन्हा दुकानात. बटणं लावली. बोटाला दोनदा टोचलं.

त्याला विचारलं, तुमच्या घरी कधी कुणी गेलं तेव्हा... तो म्हणाला, "भाऊ गेला. ऐन लग्नसराईत. त्या आठवड्यात अकरा ब्लाउज शिवले. एकाचीही उंची चुकली नाही." यंत्र सुरू केलं. थोड्या वेळाने, यंत्र न थांबवता — "ते अकरा रंग मात्र अजून सांगता येतात."

१८ फेब्रुवारी

आज झालं काहीतरी!

काउंटरवरची पोरगी यादी वाचत होती. चष्मा, चपला, कंगवा, स्वेटर. स्वेटर हातात घेतला आणि दिसलं, त्याचं बटण लोंबतंय. खरंच लोंबत होतं, नाटकाच्या सामानाच्या पेटीतला जुना स्वेटर तो. मी शिंपी. लोंबतं बटण घेऊन घरी कसा जाईन? खिशात सुईदोरा होता, सरावासाठी ठेवलेला. काढला. ओवायला लागलो. पोरगी पुढचं वाचायची थांबली. दोरा जाईना. ओला केला. जाईना. तिने रजिस्टर पुढे सरकवलं, मी म्हटलं, "थांबा हो, एवढं झालं की..." हे वाक्य नाटकात नाहीच!

हिची आठवण आली नाही. शप्पथ. फक्त भोक दिसत होतं.

दोरा गेला. मान वर केली तर बाईसाहेब रडत होत्या. पेन्सिल खाली पडलेली. "काही म्हणू नका," म्हणाल्या. "कुणी काही म्हणू नका. दहा मिनिटं सुट्टी."

८ मार्च

पहिला प्रयोग. तो प्रवेश सुरू झाला आणि थिएटरमध्ये खोकलासुद्धा नाही. बटण लागलं, सही केली, निघालो — टाळ्या नाहीत! शांतता. एकतीस वर्षांत मला कुणी एवढं शांत ऐकलं नव्हतं.

घरी येऊन कुणाला सांगू?

९ मार्च

आज दोरा पहिल्या झटक्यात गेला. बोंबला! प्रवेश मेला. मी अपेक्षेने थांबलो होतो, लोकही थांबले होते, आणि दोरा मेला सरळ आत.

१२ मार्च

आज मुद्दाम चुकवला. दोनदा. छान दिसलं असणार, असं वाटलं.

प्रयोगानंतर बाईसाहेबांनी एवढंच म्हटलं — "आज चुकवलात." झाड केलेली पोर! तिला फसवता येत नाही. कानाला खडा.

१३ मार्च

शिंप्याला ही अडचण सांगितली. तो म्हणाला, "त्यात काय, चष्मा काढा."

काढला. आता रोज खरंच दिसत नाही. रोज खरंच ओवावं लागतं. कधी सहा वेळा, कधी अकरा. काउंटरवरची पोरगीही रोज वेगळी वाट बघते, कारण तिलाही माहीत नसतं. इतकं सोपं! आयुष्यभर "असं वाटतंय" दाखवत राहिलो. करायचं होतं फक्त काम.

हीसुद्धा तसंच वाचायची की — भाव न आणता. हे मला तेव्हा का कळलं नाही?

१७ मार्च

पेपरात आलं. "स्वतःच्या घावातून उमटलेला अभिनय." बाईसाहेबांनीच सांगितलं असणार त्यांना, माझी बायको नुकतीच गेली म्हणून. शेजारचे घरी येऊन हात जोडून गेले. "तुम्ही कसं केलं असेल हो, त्या पिशवीचं? आमच्याच्याने नसतं झालं."

मी हो-हो म्हणत राहिलो.

२२ मार्च

मुलगी आली होती! न सांगता. दुपारच्या प्रयोगाला, तिसऱ्या रांगेत. मला नंतर कळलं, नाहीतर दोरा जन्मात गेला नसता.

रंगपट रिकामा झाल्यावर आली. दारातच उभी. मी तोंडाचा रंग पुसत होतो. आरशातूनच बोलणं झालं, तेच बरं.

"कसं वाटलं?"

"खरं वाटलं, बाबा."

एवढंच. मग थोडं थांबून — "त्या काउंटरवरच्या बाईने मान वर करून बघायला नको. त्या बघत नाहीत."

मी म्हटलं, हो, चांगलं सुचवलंस, सांगतो. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाली, बस पकडायचीय. गेली.

२३ मार्च

बाईसाहेबांना मुलीची सूचना सांगितली. आजच करून पाहिली. पोरीने मानच वर केली नाही. प्रवेश चिरत गेला! बाईसाहेब म्हणाल्या, "अभिनय तुमच्या घरात वाहतोय, काका."

मी तडक घरी आलो. आता ह्या वहीत लिहितो, इथे कोण वाचणार आहे?

मी पिशवी घेतली नाही.

ही गेली त्या दिवशी दवाखान्यात काउंटरसमोर मला बसवलं होतं. "सामान बांधतायत, दहा मिनिटं बसा, सही लागेल." मी बसलो. आतून कुणीतरी हिच्या चपला वर्तमानपत्रात गुंडाळताना दिसलं. मी उठलो. "फोन करून येतो," म्हटलं आणि जिना उतरून सरळ रस्त्यावर. बाकीचे कागद मेव्हण्याने केले. पिशवीचं त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, घेतली. पुढे कुणीच विचारलं नाही. ती तिथेच पडलीय, अडीच महिने. आणि मी रोज चारशे लोकांना दाखवतो, बघा, मी कशी घेतली!

सगळ्यांना खरं वाटतं. मुलीलाही वाटलं. हे मात्र सहन होत नाही.

उद्या जातो. जे व्हायचं ते होवो. मग तिला फोन करून सांगतो, बाबा पळून गेला होता म्हणून.

२४ मार्च

गेलो. तोच बाक, तोच जिना. काउंटरवर बाई लिहीत होती. हिचं नाव सांगितलं, तारीख सांगितली. म्हटलं, मी नवरा. सामान न्यायला आलोय, उशीर झाला.

तिने वर न बघता पानं उलटली. बोट एका ओळीवर ठेवलं. "सामान तर नेलंय."

रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. १२ जानेवारी, दुपारचे दोन दहा. चष्म्यापासून चपलांपर्यंत प्रत्येक वस्तूपुढे बरोबरची खूण. नातं — मुलगी. सोबत कोण — आडवी रेघ. खाली तिची सही.

बाहेर येऊन फोन लावला. "हॅलो? बाबा?" म्हणाली. मला एक शब्द फुटेना. तीही काही बोलेना. पण तिने ठेवला नाही.