बिरोबाच्या देवळातून केलेला फोन

प्रिय बना,

माघात ज्या रविवारी ते सगळं झालं, त्या सकाळी मी बिरोबाला अंघोळ घालत होतो. रविवारची पूजा आपल्या घराकडे आहे आणि आप्पा गेल्यापासून मी ती एकदाही चुकवलेली नाही. दोन कळश्या ओतून झाल्या होत्या, तिसरी हातात होती, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आप्पा असते तर त्यांनी फोन देवळात आणूच दिला नसता. पण पोलीस पाटलाचा फोन बंद लागला तर लोक ओरडतात, म्हणून मी उचलला. पलीकडे लालासाहेब होता, आपल्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. "पाटील, शाळंपशी एक माणूस बसलाय. कोण, कुठला, म्हाईत न्हाई. मेंढरांचं फोटू काढतोय आन मोजतोय बगा," म्हणाला. देवळापासून शाळा किती लांब आहे हे तुला सांगायला नको. लहानपणी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून निघायचो आणि तो चघळून संपायच्या आत शाळेत असायचो. उठून गेलो असतो तर पाच मिनिटांत त्या माणसासमोर उभा राहिलो असतो. पण देव ओला होता, गंध लावायचं राहिलं होतं, आणि पूजा अर्धी टाकून उठायचं नाही ही आप्पांची शिकवण. म्हणून मी बसल्या जागेवरून सुरक्षा यंत्रणेचा नंबर लावला आणि जे बोलायचं ते बोललो. मग तिसरी कळशी ओतली, देव पुसला, भंडारा वाहिला, आरती केली आणि त्यानंतर चपला घातल्या.

तू शुक्रवारी फोनवर म्हणालीस, "घरचाच पाटील आसून आमचाच कागद आडलाय व्हय रं नाना?" मी हसलो, वहिनीची तब्येत सांगितली, तुझ्या सृष्टीच्या परीक्षेचं विचारलं आणि फोन ठेवला. तुझ्या सूरजचा कागद माझ्याकडे येऊन त्या दिवशी नऊ दिवस झाले होते. सैन्याच्या भरतीत निवड झालेल्या पोराची वागणूक चांगली आहे, त्याचा कसल्याही गुन्ह्यात हात नाही, असा पोलीस पाटलाचा दाखला त्याला जोडायचा असतो. चार ओळी आणि खाली सही. दोनदा हुकल्यावर पोराला तिसऱ्या खेपेला यश आलंय, आणि पुढच्या वर्षी वय निघून जातंय, हे मला ठाऊक आहे. दोन वर्षं तो माझ्याच घरात राहतोय, माझ्यासमोर पहाटे घाट चढून पळाला. त्याचा घाम तुझ्यापेक्षा मी जास्त पाहिलाय. तरी पेन हातात घेतलं की मी उठून गोठ्यात जायचो, शेण काढायचो, परत यायचो, कागद पालथा घालायचो. वहिनी एकदा म्हणाली, "आवं, बसा की जरा एका जागी, मलाच गरगरायला लागलंय."

त्या यंत्रणेबद्दल तुला परत नीट सांगतो, कारण सांगलीत तुमच्याकडे तसं काही नसावं. गावातल्या सगळ्यांचे नंबर तिच्यात घातलेले असतात. मी एक नंबर लावायचा, माझ्या आवाजात बोलायचं, की त्याच क्षणी गावातले सगळे फोन वाजतात आणि सगळ्यांना माझा आवाज ऐकू येतो. गावात ती मीच आणली. गेल्या दिवाळीनंतर पंधरा दिवसांत आपल्या दोन कळपांतली मेंढरं भरदिवसा पिकअपमध्ये घालून नेली होती, बाया दोन दोन दिवस जेवल्या नव्हत्या. लोक मला तोंडावर म्हणायचे, "पाटील, तुमी निस्तं पत्रकं लिवा." यंत्रणा आली, चौकात कॅमेरा बसला, कमानीवर सुरक्षित गाव म्हणून पाटी लागली, आणि खरंच महिनाभर एक शेळीसुद्धा गेली नाही. पहिल्यांदा चाचणी म्हणून मी बोललो तेव्हा सूरज माझ्याशेजारी उभा होता. "मामा, तुमचा आवाज रेडिओवानी येतोय," म्हणाला. मला बरं वाटलं होतं. इथपर्यंतचं मी तुला तेव्हाच फुशारकीने सांगितलंय. पुढचं सांगितलं नाही.

त्या रविवारी मी बोललो ते असं: शाळेजवळ अनोळखी माणूस आला आहे, मेंढरं मोजतो आहे, सगळ्यांनी ताबडतोब या, त्याला पळून जाऊ देऊ नका. तो पळतोय असं लालासाहेब म्हणाला नव्हता. ते मी माझ्या मनाचं घातलं. आरती करून मी गेलो तेव्हा शाळेच्या आवारात पन्नासेक माणूस जमलं होतं आणि मधे कुणीतरी कण्हत होतं. "पाटील आलं, सरा, सरा," असं म्हणत लोकांनी मला वाट दिली. सगळ्यांत आधी तिथे सूरज पोचला होता. पोचणारच, गावात त्याच्याएवढं जोरात कोण पळतंय? त्या माणसाचीच मेंढरं हाकायची काठी सूरजच्या हातात होती. मी ओरडलो, "सूरज, टाक ती!" पण तोवर काठी खाली आली होती. गुडघ्यावर. तो आवाज मी तुला लिहून सांगू शकत नाही.

तो चोर नव्हता, बना. जत तालुक्यातला मेंढपाळ, आपल्यासारखाच धनगर, मायाप्पा नावाचा. आपल्या गावातला एक चांगला मेंढा पैदाशीला न्यायचा म्हणून आला होता. मालक म्हसवडला गेलेला, तो येईपर्यंत शाळेच्या पायरीवर बसून राहिला होता, आणि घरी बायकोला दाखवायला मेंढराचे फोटो काढत होता. तासाभराने मालक आला आणि त्यानेच हे सांगितलं. दुपारी समितीची बैठक बसली. लालासाहेब म्हणाला, "गर्दीत कुणाचा हात लागला, कुणी बगितलंय? गावाचं नाव जाईल. पोरं भरतीला उभी हायती." हे म्हणताना तो माझ्याकडे बघत होता. मायाप्पाला दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांना तो पडला म्हणून सांगितलं, त्याची बायको आली तेव्हा तोच मेंढा गावाने त्यांच्या गाडीत चढवून दिला. महिन्याअखेरीला मी नेहमीप्रमाणे ठाण्यात पत्रक पाठवलं. गावात घडलेले गुन्हे, या रकान्यात लिहिलं: निरंक.

त्यानंतरचे सात महिने मी कसे काढले ते वहिनीला विचार. फोन वाजला की दोनदा नंबर बघून मग उचलतो. बैलगाडीचा आवाज आला तरी दारात जाऊन बघतो. रविवारी देवळात जातो, पाणी घालतो, पण किती कळश्या झाल्या ते ध्यानात राहत नाही, परत पहिल्यापासून घालतो. सूरजशी मी त्याबद्दल एक शब्द बोललो नाही आणि तोही बोलला नाही. मी स्वतःला समजावलं की माणूस वाचला, हाड जुळलं असेल, तेही विसरले असतील. मग तो कागद आला. तुझ्या फोननंतर शनिवारी सकाळी मी कुणाला न सांगता जतची एसटी धरली.

त्याचं घर शोधायला वेळ लागला नाही. मायाप्पा लिंबाखाली खाटेवर होता, पाय लांब केलेला, गुडघा तसाच ताठ. त्याची बायको तानुबाई मेंढरं घेऊन निघाली होती. मी कुठल्या गावचा हे सांगताच ती थांबली. "आता कशाला आलाय? फोटू काढाय?" म्हणाली. मी खाली मान घातली. "तुमच्या कमानीवर लिव्हलंय सुरक्षित गाव. मी वाचून घेतलं हुतं पोरीकडनं, ह्यांना न्यायला आले तवा. आन त्यो मेंढा हाय की बांधलेला, जाताना घिऊन जावा. त्याच्याकडं बगितलं की ह्यांच्या घशाखाली घास उतरत न्हाई." मायाप्पाने तिला हाताने गप्प केलं आणि मला बसायला सांगितलं. "तुमी पाटील व्हय? तरीच. आवाज वळखीचा वाटला," म्हणाला. मला वाटलं, मी दवाखान्यात त्याच्याशी बोललो होतो, म्हणून असेल. पण तो वेगळंच सांगायला लागला.

तो म्हणाला, "म्या पायरीवर बसलो हुतो वो. शेजारी तुमचीच चार माणसं बसलेली. एकदम समद्यांचं फोन वाजलं, ह्याच्या फोनात तुमचा आवाज, त्याच्या फोनात तुमचा आवाज, एकात एक मिसळून. मला निस्तं तेवढंच समजलं, अनोळखी माणूस आलाय, पळून जाऊ दिऊ नका. म्या म्हणलं, गावात चोर शिरला. आपलं बी मेंढरांवरचं जिणं, चोर काय आसतो ते ठावं हाय. म्हणून काठी घिऊन उठलो, म्हणलं चला, आपण बी धरू लागू." एवढं बोलून तो थोडा हसला. "तवर त्यो पळत आलेला पोरगा माझ्याच अंगावर. म्या त्याला इचारतोय, कुठं हाय, कुठं हाय चोर?"

बना, मी त्यांच्याकडचा चहा प्यायलो. तो प्यायला नसता तर त्यांचा आणखी अपमान झाला असता. फिर्याद का दिली नाही म्हणून विचारलं तर म्हणाला, "तुमच्याच गावात, तुमच्याच पाटलासमूर, कुणाचं नाव घिऊ? मला कुणाचंच नाव म्हाईत न्हाई." परत येताना एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या बाईने मला दोनदा विचारलं, बाबा, बरं वाटत नाही का.

रविवारी पूजा आटोपून मी शेतात गेलो. सूरज जनावरांसाठी कडवळ कापत होता. मी बांधावर बसलो आणि त्याला मायाप्पाचं सगळं सांगितलं, काठी घेऊन तो का उठला ते सुद्धा, आणि उद्या मी ठाण्यात जाऊन सगळं खरं लिहून देणार हेही. त्याने विळा टाकला नाही, कापतच राहिला, पण पेंढी बांधेना. मग म्हणाला, "मामा, मी तुमचा आवाज आयकूनच पळालो ना?" मी म्हणालो, "व्हय." "तुमीच म्हणला, पळून जाऊ दिऊ नका." "व्हय, मीच म्हणालो." "मग आता मलाच का?" मी म्हणालो, तुलाच नाही, पहिलं माझं नाव. त्याचे डोळे भरले होते, पण ते त्याने बाहीने पुसले आणि रागाने म्हणाला, "भरती गेली ना, तर मी पुन्ना तुमच्या दारात न्हाई येणार." त्याला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही, आणि त्याला पाठीशी घालूनही नाही. तो वीस वर्षांचा आहे, त्या माणसाचा पाय त्याच्या हातून गेला, आणि हे त्याने या वयात कबूल केलं नाही तर आयुष्यभर तो लोकांच्या पायांकडे बघत जगेल. मला पन्नाशीत जे होतंय ते त्याला विशीतच लागलेलं मी बघतोय, पहाटेच्या पळण्यात तो हल्ली मधेच थांबतो. अंधार पडायच्या आधी तो घरी आला, भाकरी खाल्ली, आणि उठताना एकच विचारलं, "आयला कोण सांगणार?" मी म्हणालो, "मी."

म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर तू 'नाना' म्हणून एकदा हाक मारली असतीस आणि मी मागे फिरलो असतो. सूरज उद्याच्या गाडीने तुझ्याकडे येतोय. त्याला आधी जेवायला घाल, काही विचारू नकोस, त्याला बोलायचं तेव्हा तो बोलेल. पुढे काय होईल, ठाण्यातले साहेब किती मनावर घेतील, माझं पाटीलपद राहील की जाईल, मला खरंच माहीत नाही. दाजींना मी नंतर भेटायला येईन, ते दारातून परत लावतील तर तेही बरोबरच असेल. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तरी मी तुला दोष देणार नाही, फक्त मायाप्पाबद्दल वाईट बोलू नकोस. सूरजच्या कागदावर सही केली नाही, तो कोरा परत केला. आज सोमवार, सकाळी अकरा वाजता मी ठाण्यात जाऊन जबाब लिहून दिला: माघ महिन्यातलं माझं पत्रक खोटं होतं, फोन मी केला होता, जाऊन बघितलं नव्हतं, आणि ज्यांनी मारलं त्यांतला एक माझा भाचा सूरज. लिहिणाऱ्या हवालदाराने दोनदा विचारलं, भाच्याचं नाव घालू का नको. मी म्हणालो, घाला.

तुझाच,
नाना